बिघाड तोच, कार्ड नवं

आमच्या अण्णांची गाडी मलठणच्या अलीकडे चौथ्यांदा बंद पडली, तेव्हा दुपारचे अडीच वाजले होते आणि डांबर चपलेला चिकटत होतं. अण्णा म्हणजे माझे चुलते. गाडी चौदा महिन्यांची, पेट्रोलची, कर्जावरची. मी कवठ्याहून मोटरसायकलवर पोचलो तोवर बॉनेट उघडं टाकून ते बाभळीखाली पाणी पीत बसले होते. मी किल्ली फिरवली. गाडी पहिल्या झटक्यात चालू झाली. "बघ," अण्णा म्हणाले, "शोरूमला नेली की अशीच वागती. म्हणून तर ते मला येड्यात काढतात."

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याबरोबर वर्कशॉपला गेलो. काउंटरवरचा पोरगा सभ्य होता. "काका, काय प्रॉब्लेम आहे?" असं त्यानं विचारलं आणि अण्णा सुरू झाले. मंचरला साखरपुड्याला निघालो होतो, गाडीत पाच माणसं, मागून उसाचा ट्रॅक्टर, त्यात बायको म्हणाली... पोरगा मान डोलवत होता आणि टाइप करत होता. मी वाकून स्क्रीन पाहिली. एवढ्या मोठ्या कहाणीचे तिथं दोनच शब्द झाले होते: जनरल चेकअप.

अण्णांच्या प्लास्टिकच्या पिशवीत आधीच्या तीन खेपांची जॉब कार्डं होती. पहिल्यावर 'फ्री सर्व्हिस', दुसऱ्यावर 'थ्रॉटल बॉडी क्लीनिंग', तिसऱ्यावर 'जनरल चेकअप, वॉशिंग'. चालत्या रस्त्यात इंजिन बंद पडतं, हे कुठंच लिहिलेलं नव्हतं. उद्या कुणी ही कागदं चाळली असती तर त्याला एवढंच कळलं असतं की या माणसाला गाडी धुवून घ्यायची हौस आहे.

रांजणगावच्या एमआयडीसीत सुट्या भागांच्या तपासणी खात्यात मी बरीच वर्षं काढली. पेटीतले ठरलेले नमुने मोजायचे, ते मापात बसले की पेटी पास. प्रत्येक नग कुणी तपासत नाही, तपासू शकत नाही. त्यामुळे चांगल्या कंपनीच्या चांगल्या गाडीतही एखादा सदोष भाग जातो, यात मला नवल वाटत नाही. राग येतो तो पुढच्या भागाचा. तो सदोष भाग पकडून बदलायचा, तर आधी मालकाची तक्रार नीट कागदावर यायला हवी, आणि नेमकी तीच येत नाही. गाडीच्या बाबतीतली बहुतेक भांडणं कोर्टात नव्हे, या काउंटरवरच हरली किंवा जिंकली जातात. म्हणून आधी काउंटरचंच सांगतो.

आमचं गाव कवठे, लोकशाहीर बी. के. मोमीन कवठेकरांचं. वगाला रंग कसा चढवायचा हे इथल्या पोरासोरांनाही कळतं. जॉब कार्डावर मात्र रंग नको. साखरपुडा नको, ट्रॅक्टर नको, आणि निदानही नको. 'पंप गेलाय', 'सेन्सर खराब आहे' असं आपण कधी म्हणायचं नाही. आपण पंप म्हणालो की ते पंप तपासतात, पंप चांगला निघतो आणि कार्डावर 'दोष आढळला नाही' असं येतं. आपण लक्षण सांगायचं, निदान त्यांनी करायचं. डॉक्टरकडे आपण पोट कुठं आणि कधी दुखतं ते सांगतो, तसंच.

त्या दिवशी मी पोराला 'जनरल चेकअप' खोडायला लावलं आणि एकेक शब्द सांगून हे लिहून घेतलं: 'साधारण पाऊण तास चालल्यावर, इंजिन गरम असताना, एसी चालू, वेग ५० ते ६०, इंजिन अचानक बंद पडतं. स्टिअरिंग जड होतं. अर्ध्या तासानं आपोआप चालू होतं. आजवर चार वेळा. हीच तक्रार आधीच्या तीन खेपांनाही सांगितली होती.' त्याखाली किलोमीटरचा आकडा आणि अण्णांची सही. पोरगा म्हणाला, "काका, एवढं लिहायची जागा नसते." जागा होती. स्क्रीनवर ती ओळ खाली सरकते, एवढंच.

शेवटचं वाक्य सगळ्यांत मोलाचं. बिघाड तोच असतो, पण दर खेपेला कार्ड नवं असतं, आणि नव्या कार्डावर जुनी गोष्ट आपोआप येत नाही. ती आपण आणायची. मागच्या कार्डाचा नंबर घालता आला तर फारच उत्तम.

आता अण्णांच्या गाडीतला दोष वर्कशॉपला का सापडत नव्हता ते पाहू, कारण अशा तक्रारी पुष्कळ असतात. क्रँकशाफ्टजवळ एक छोटा सेन्सर असतो. इंजिन किती फिरलं हे तो कॉम्प्युटरला सांगतो आणि त्यावरून ठिणगी कधी पाडायची, इंधन कधी सोडायचं हे ठरतं. हा सेन्सर आतून कच्चा असेल तर तापल्यावर त्याचा सिग्नल तुटतो. सिग्नल तुटला की ठिणगीही बंद आणि पेट्रोलही बंद. निवला की पुन्हा शहाणा. वर्कशॉपवाले काय करायचे? सकाळी दहाला गाडी घ्यायची, आवारातून दोन चकरा मारायच्या आणि दुपारी ओके म्हणून द्यायची. थंड इंजिनावर हा दोष सापडणारच नाही, मेकॅनिक कितीही हुशार असो.

म्हणून ट्रायल आपल्या अटींवर घ्या. ज्या परिस्थितीत बिघाड होतो तीच परिस्थिती मागा. दुपारी होत असेल तर दुपारी, चढावर होत असेल तर चढावर, भरल्या गाडीत होत असेल तर भरल्या गाडीत. त्यांचा मेकॅनिक शेजारी, स्कॅनर जोडलेला आणि चालवायला तुम्ही. पाचव्या खेपेला आम्ही हेच केलं. दुपारी एकला निघालो, एसी लावला, नगर रोडनं शिरूरच्या दिशेनं गेलो. पन्नासाव्या मिनिटाला मेकॅनिकच्या देखत गाडी मेली. त्याच्या हातातल्या स्कॅनरवर फॉल्ट कोड आला होता. सेन्सर आणि त्याचं कनेक्टर वॉरंटीत बदललं, काम दोन तासांचं, बिल शून्य. आधीच्या खेपांना थ्रॉटल धुतल्याचे पैसे मात्र अण्णांनी भरले होते. तेही नंतर लेखी मागितल्यावर परत मिळाले.

फॉल्ट कोडबद्दल एक खबरदारी. कोड पुसून टाकणं हे वर्कशॉपचं रोजचं काम असतं. पुसण्याआधी त्याची छापील प्रत किंवा निदान स्क्रीनचा फोटो मागा. आणि आपला गावातला गॅरेजवाला 'बॅटरीची वायर काढून लावू, डॅशबोर्डवरचा दिवा जातो' म्हणाला तर त्याला हात जोडून नको म्हणा. दिवा जातो आणि त्याबरोबर पुरावाही जातो. डॅशबोर्डवर दिवा लागला, आवाज आला, पॅडल खाली गेलं, तर शेजारच्याला मोबाईलवर शूटिंग करायला सांगा, त्यात किलोमीटरचा आकडा दिसू द्या. व्हॉट्सॲपवर फिरून आलेल्या कॉपीपेक्षा मूळ फोनमधली फाइल महत्त्वाची. पुढं प्रकरण गेलंच तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र तिला जोडावं लागतं, म्हणून तो फोन विकू नका.

गाडी परत घेताना एक कागद पुढं येतो: काम समाधानकारक झालं, सही करा. बहुतेक जण किल्लीच्या ओढीनं सही करतात. आधी गाडी चालवून पाहा. तेवढी सवड नसेल तर सहीच्या वर आपल्या हातानं लिहा: 'दोष गेला की नाही हे चालवल्यावर कळेल.' कुणी अडवत नाही. मी तीन-चार ठिकाणी लिहिलंय.

थोडं रस्त्यावरचंही बोलू, कारण कागद नंतर, जीव आधी. चालत्या गाडीत इंजिन बंद पडलं की घाबरून ब्रेक पुनःपुन्हा मारू नका. ब्रेकला जोर देणारा बूस्टर इंजिनाच्या व्हॅक्यूमवर चालतो. इंजिन थांबल्यावर त्यात एक-दोन दाबांपुरताच जोर शिल्लक राहतो. एकदाच घट्ट दाबा आणि धरून ठेवा. स्टिअरिंग जड होईल, पण वळेल. किल्ली पूर्ण बंद करून काढू नका, स्टिअरिंग लॉक होईल. चारही इंडिकेटर लावा आणि गाडी कडेला घ्या. आणि गाडी असं दुसऱ्यांदा करू लागली तर ती पोरांना शाळेत सोडायला वापरू नका. हप्ते चालू आहेत म्हणून चालवतो, हे कारण मी पुष्कळदा ऐकलंय.

आता आपल्या बाजूचंही सांगितलं पाहिजे. प्रत्येक बिघाड हा कंपनीचा दोष नसतो. ब्रेक पॅड, क्लच प्लेट, टायर, वायपर हे झिजणारे भाग आहेत. अर्धा क्लच दाबून गाडी हाकायची सवय असेल तर पंचवीस हजार किलोमीटरात क्लच जातो आणि वॉरंटी त्याचं काही देत नाही. आपल्याकडे गाडी कांद्याच्या चाळीशेजारी नाहीतर गोठ्यात उभी असते, उंदीर वायरी कुरतडतात. दोन हजाराच्या टेपसाठी आणि झगमगत्या दिव्यांसाठी पोरं मूळ वायर कापून जोड देतात, मग इलेक्ट्रिकची कुठलीही तक्रार केली की कंपनी त्या जोडाकडे बोट दाखवते, आणि बऱ्याचदा ते बोट बरोबर असतं. बाहेरून बसवलेल्या गॅस किटचंही तेच. पुढं लोखंडी गार्ड लावायची हौस आपल्या तालुक्यात फार. त्यावर बंदी आणायला केंद्रानं डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कळवलं होतं. धडकेचा धक्का गार्डमधून थेट चेसिसला जातो आणि एअरबॅग कधी उघडायची याचं गणित चुकतं. बाजूच्या एअरबॅगा सीटमध्ये असतील तर वरून शिवलेलं जाड कव्हरही त्यांना अडवतं. पेट्रोलचं बिल ठेवायची सवय लावा. इंजिनाची तक्रार केली की 'इंधन भेसळीचं असेल' हे पहिलं उत्तर ठरलेलं असतं, आणि एकाच पंपाची चार बिलं दाखवली की ते उत्तर पुढं सरकत नाही.

सुरक्षेच्या दोषांचा सगळ्यांत स्वस्त तपास किल्लीपाशी आहे. किल्ली फिरवली की एअरबॅगचा आणि एबीएसचा दिवा लागला पाहिजे आणि काही सेकंदांत विझला पाहिजे. लागून राहिला तर त्या यंत्रणेत बिघाड आहे. मुळीच लागला नाही, तर जास्त वाईट. जुनी गाडी घेताना हे जरूर पाहा. अपघातात फुटलेली एअरबॅग न बसवता दिव्याची वायर तोडून किंवा दुसऱ्या दिव्याला जोडून गाडी विकणारे असतात. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं, २०२१ पासून पुढच्या दोन्ही सीटना एअरबॅग. त्यानंतरची गाडी असेल आणि दिवा दिसत नसेल तर सौदा तिथंच थांबवा. आणि भारत एनकॅपचे तारे पाहून निश्चिंत होऊ नका. ऑक्टोबर २०२३ पासून ही चाचणी सुरू झाली, चांगलीच आहे. पण तारे त्या मॉडेलच्या बांधणीला मिळतात. तुमच्या दारातल्या गाडीत कुठला सेन्सर बसलाय हे ताऱ्यांना माहीत नसतं.

पेटीतल्या नमुन्यांचं जे वर सांगितलं, त्याचाच दुसरा भाग म्हणजे रिकॉल. एखादा भाग कच्चा निघाला तर तो एकाच गाडीत असेल असं नाही, त्या दिवसांत बनलेल्या इतर गाड्यांतही असू शकतो. चाकणला बनणाऱ्या महिंद्राच्या एक्सयूव्ही ७०० चं उदाहरण घ्या. ८ जून २०२१ ते २८ जून २०२३ या काळात बनलेल्या १,०८,३०६ गाड्या कंपनीनं ऑगस्ट २०२३ मध्ये तपासणीला बोलावल्या, कारण इंजिनाच्या खणातली वायरिंग घासून कापली जाण्याचा धोका होता. त्याच्या आदल्या महिन्यात मारुतीनं ईको आणि एस-प्रेसो मिळून ८७,५९९ गाड्या परत बोलावल्या. स्टिअरिंगचा टाय रॉड क्वचित तुटू शकतो, असं कारण होतं. ईको आपल्याकडे किती आहेत ते वेगळं सांगायला नको. वडापला त्या, शाळेच्या पोरांना त्या, दवाखान्यात न्यायलाही त्याच. जानेवारी २०२३ मध्ये मारुतीनंच एअरबॅग कंट्रोलर तपासायला १७,३६२ गाड्या बोलावल्या होत्या.

रिकॉलचं काम फुकट असतं, वॉरंटी संपली असली तरी. अडचण वेगळीच असते. कंपनीचा निरोप तिच्या दप्तरात ज्याचं नाव आणि नंबर आहे त्याला जातो. आपल्याकडच्या निम्म्या गाड्या पुण्यातून दुसऱ्या हातानं आलेल्या. निरोप कोथरूडच्या पहिल्या मालकाच्या मोबाईलवर जातो आणि तो पुसून टाकतो. म्हणून आज संध्याकाळी एवढं करा: आरसीवरचा सतरा आकडी-अक्षरी चेसिस नंबर घ्या, कंपनीच्या वेबसाइटवर रिकॉलच्या जागी टाका, किंवा वर्कशॉपला फोन करून विचारा, 'या नंबरवर काही मोहीम बाकी आहे का?' आणि मालक म्हणून तुमचं नाव, नंबर कंपनीकडे नोंदवून घ्या.

कंपनीनं आपणहून बोलावलं नाही तर? मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं कलम ११०-अ आलं आणि १ एप्रिल २०२१ पासून त्याचे नियम लागू झाले. सात वर्षांपर्यंतच्या गाडीतल्या सुरक्षेच्या दोषाबद्दल मालक केंद्राच्या वाहन पोर्टलवरच्या रिकॉलच्या सोयीत तक्रार नोंदवू शकतो. एकाच मॉडेलच्या तक्रारी ठरावीक संख्येपुढं गेल्या की तपासणी होते आणि सरकार सक्तीनं गाड्या परत बोलावू शकतं, १० लाखांपासून १ कोटीपर्यंत दंडही करू शकतं. इथं तुमच्या एकट्याच्या तक्रारीला न्याय मिळेलच असं नाही, पण ती मोजली जाते. तुमच्याच महिन्यात बनलेल्या गाडीचा दुसरा मालक गाठा, त्यालाही नोंदवायला लावा. बनल्याचा महिना आरसीवर असतो.

मोजणीचा जोर काय असतो ते ओला इलेक्ट्रिकच्या स्कूटरांच्या वेळी दिसलं. मार्च २०२२ मध्ये पुण्यात तिची एक स्कूटर रस्त्याकडेला पेटली आणि महिनाभरात कंपनीनं १,४४१ स्कूटर तपासणीला बोलावल्या. पुढं राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर सप्टेंबर २०२३ ते ऑगस्ट २०२४ या वर्षभरात तिच्याविरुद्ध १०,६४४ तक्रारी जमल्या आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं कंपनीला नोटीस काढली. त्या हेल्पलाइनचा नंबर १९१५. मराठीत बोलता येतं. मिळालेला तक्रार क्रमांक त्याच प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा.

डीलरला ईमेल, मग कंपनीच्या ग्राहक विभागाला ईमेल, मग १९१५, मग स्पीड पोस्टानं पोचपावतीसह नोटीस, असा क्रम ठेवला तर पुढचं सोपं जातं. फोनवर कितीही गोड बोललं तरी फोन ठेवल्यावर दोन ओळींचा ईमेल टाका: 'आज आपल्याशी झालेल्या बोलण्यानुसार...' एवढ्यावरच बरीच प्रकरणं मिटतात. नाही मिटलं, तर पुण्याला जिल्हा ग्राहक आयोग आहे.

आयोगाची भीती बाळगायचं कारण नाही. ग्राहक चळवळ तर आपल्या जिल्ह्याचीच लेक. बिंदुमाधव जोशींनी पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली ती १९७४ मध्ये, ग्राहक संरक्षणाचा पहिला कायदा यायच्या बारा वर्षं आधी. आज २०१९ चा कायदा आहे. ५० लाखांपर्यंत मोजलेल्या किमतीची प्रकरणं जिल्हा आयोगात चालतात. ५ लाखांपर्यंत फी नाही, ५ ते १० लाखांना २०० रुपये, १० ते २० लाखांना ४००, त्यापुढं ५० लाखांपर्यंत १,०००. गाडी मुंबईत घेतलेली असली तरी तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते. वकील सक्तीचा नाही. ऑनलाइनही दाखल होते, ई-जागृती पोर्टलवर. मुदत तेवढी पाळा: तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. 'पुढच्या सर्व्हिसला बघू' म्हणत ही दोन वर्षं कधी सरतात ते कळत नाही.

गाडी कशासाठी घेतली हे तिथं विचारलं जातं. कंपनीच्या नावावर, ड्रायव्हर ठेवून चार गाड्या चालवत असाल तर तुम्ही ग्राहक ठरणार नाही. एकच वडाप, स्वतः चालवता आणि तिच्यावरच घर चालतं, तर ठरता. हे तक्रारीत पहिल्याच परिच्छेदात लिहा.

आता मागणी काय करायची? रागाच्या भरात सगळे लिहितात: नवी गाडी द्या आणि पंचवीस लाख भरपाई द्या. आपल्याकडे अमेरिकेसारखा 'लेमन लॉ' नाही. तिथल्या बहुतेक राज्यांत ठरावीक वेळा दुरुस्ती फसली की गाडी बदलून मिळायचा हक्क तयार होतो. माझा पुतण्या तिकडे आहे, त्याला चौथ्या खेपेनंतर कंपनीनंच 'गाडी बदलून देऊ का?' असं विचारलं होतं. इथं तसा आकडा नाही. २००६ मध्ये मारुतीच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्टच सांगितलं की वॉरंटीत भाग बदलून देण्याची हमी असेल तर भागच बदलून मिळेल, अख्खी गाडी नाही. गाडी किंवा पैसे परत हवे असतील तर उत्पादनातला मूळ दोष सिद्ध करावा लागतो, आणि तो मालकाच्या शब्दावर सिद्ध होत नाही. २०१० च्या फियाटविरुद्धच्या निकालात न्यायालयानं स्वतंत्र तज्ज्ञाकडून तपासणीची वाट दाखवली: तज्ज्ञ मूळ दोष आहे म्हणाला तर व्याजासह पैसे परत. म्हणून तक्रारीबरोबरच कायद्याच्या कलम ३८ खाली तपासणीचा अर्ज द्या. गाड्या तपासणारी देशातली मोठी संस्था आपल्याच पुण्यात आहे, एआरएआय. वेताळ टेकडीला लोक तिच्याच नावानं ओळखतात. फोक्सवॅगनच्या भारतातल्या डिझेल गाड्यांचं धुराचं गौडबंगाल २०१५ मध्ये तिथल्याच तपासण्यांत उघडं पडलं आणि कंपनीला ३,२३,७०० गाड्या परत बोलवाव्या लागल्या. डोळ्यांना न दिसणारा दोष यंत्राला दिसतो.

मागण्या पायरीनं लिहा. गाडी बदलून द्या, ते नाही तर पैसे परत द्या, तेही नाही तर सदोष भाग बदलून त्यावर नवी वॉरंटी आणि गाडी उभी राहिल्याची भरपाई द्या. भाड्याच्या गाडीची बिलं, एसटीची तिकिटं जोडा. ज्याची पावती आहे तेवढंच मागितलं की बाकीच्यावरही विश्वास बसतो.

डीलर आणि कंपनी दोघांनाही पक्षकार करा, आणि दोघांनी काय काय चुकवलं ते वेगवेगळं लिहा. गोव्यातल्या एका ग्राहकाला २०११ मध्ये डीलरनं २००९ सालची, सहाशेवर किलोमीटर पळालेली, तळाला गंजलेली गाडी नवी म्हणून गळ्यात मारली होती. डीलर दोषी ठरला. पण २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं टाटा मोटर्सला मोकळं केलं, कारण कंपनीनं स्वतः काय केलं याचा तक्रारीत ठोस आरोपच नव्हता. एक परिच्छेद कमी पडला, एवढंच म्हणायचं.

एअरबॅगच्या बाबतीत मात्र निकाल मालकाच्या बाजूनं झुकलेला आहे. ह्युंदाई क्रेटाच्या धडकेत एअरबॅगा उघडल्या नाहीत. धक्का पुरेसा नव्हता, असं कंपनीचं म्हणणं. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, वेग आणि बल यांचं गणित मांडणारा भौतिकशास्त्रज्ञ असावं अशी अपेक्षा ग्राहकाकडून करता येत नाही. गाडी बदलून देण्याचा आदेश कायम राहिला. पण अशा अपघातानंतर लोक काय करतात? इन्शुरन्सचं मिटलं की गाडी दुरुस्त करून घेतात किंवा भंगारात घालतात. गाडीला हात लावू देऊ नका. चारी बाजूंनी आणि आतून फोटो काढा, पंचनाम्यात 'एअरबॅगा उघडलेल्या नाहीत' हे लिहून घ्या आणि कंपनीला ईमेल टाका की एअरबॅगचा कंट्रोलर तपासणीआधी काढू अथवा बदलू नये. धडकेची नोंद त्या डबीत असते.

दोन गोष्टी करू नका. बँकेचा हप्ता थांबवू नका. गाडी सदोष आहे याचं बँकेला देणंघेणं नसतं, आणि तुमचा सिबिल बिघडला तर पुढचं पीककर्जही अडतं. दुसरं, चिडून सर्व्हिस बुडवू नका. ठरलेल्या किलोमीटरला सर्व्हिस झाली नाही हे एक कारण कंपनीला पुरतं. शिवाय गाडी दोष सांगत सांगत साठ हजार पळवली तर 'मग अडचण कसली होती?' असं समोरचा वकील विचारणारच. उभी ठेवता येत असेल तर उभी ठेवा आणि उभी आहे हे लेखी कळवा.

अण्णा आता प्रत्येक खेपेला जॉब कार्ड मोठ्यानं वाचून दाखवायला लावतात. काउंटरवरचा पोरगा वैतागतो, पण वाचतो. तुम्हीही पुढच्या वेळी किल्ली देण्याआधी कार्डाची तुमची प्रत मागून घ्या. प्रिंटर बंद आहे म्हणाले तर स्क्रीनचा मोबाईलवर फोटो काढा, तोही चालतो.